तोफेच्या चढावर उकळलेली गाडी

शिवलिंगप्पा आडत्याच्या ट्रकचा फॅनबेल्ट तुटायला आलाय, हे वजीर ड्रायव्हरनं ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं. शेटला सांगितलं, शेटच्या मेव्हण्याला सांगितलं, आडतीच्या हमालांनाही सांगितलं. ऐकलं एकट्या बंडप्पानं. बंडप्पा त्या गाडीवर क्लीनर होता आणि वजीरला उस्ताद म्हणायचा.

बेल्ट म्हणजे एक रबरी पट्टा. इंजिनाच्या तोंडाशी पंखा असतो, त्याच्या मागं पाण्याचा पंप. दोन्ही त्या एका पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की पंखा थांबतो, रेडिएटरमधलं पाणी जागच्या जागी राहतं, आणि भरलेली गाडी चढाला लागली की चुलीवरच्या भगुल्यासारखी खदखदायला लागते.

गाडी लष्कराच्या लिलावातली होती. निजामाचं राज्य जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, धाराशिव जिल्हा आता मुंबईला जोडला गेला होता, आणि हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर ट्रकांची वर्दळ वाढत चालली होती. नळदुर्गात ज्याच्या दारात ट्रक उभा तो मोठा माणूस. शिवलिंगप्पानं गाडी घेतली आणि वजीरच्या हाती दिली, ती आजवर कुठं रस्त्यात बसली नव्हती. कारण वजीर तिचं पाणी सांभाळायचा. नळदुर्गच्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यानं किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. म्हणून तो बोरी नदीचं पाणी आणायचा आणि बायकोच्या जुन्या ओढणीची चौपदरी घडी करून त्यातून गाळून भरायचा. बाजाराच्या दिवशी सगळं जुनं पाणी सोडून द्यायचं, खळखळून धुवायचं, पुढच्या जाळीत अडकलेले किडे, गवत, कडबा ब्रशनं काढायचा, हा त्याचा नेम.

"आमाला बिनगाळलेलं चालतंय, तुमच्या गाडीला मातर गाळून पायजे," असं सायराबी, त्याची बायको, चारचौघांत म्हणायची. वजीर हसायचा आणि ओढणी पिळायचा.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण त्या उन्हाळ्यात शेटचा मेव्हणा महांतप्पा येऊन राहिला. तो आळंदकडचा, अंगानं दांडगा. गावी कुणाचं तरी डोकं फोडून आला होता आणि बहिणीच्या घरी लपल्यासारखा राहत होता. पण लपलेल्या माणसासारखं वागणं त्याला जमत नव्हतं. खडीच्या खाणीवर थोडीफार गाडी चालवली होती तेवढ्यावर त्याला वाटायचं, या गाडीवर वजीरचं काय काम?

त्या सकाळी जळकोटहून करडईची पोती आणून पुढं सोलापूरच्या तेलगिरणीला पोचवायची होती. वजीर गाडीखाली वाकून पट्टा बोटांनी चाचपत होता. पट्ट्याच्या कडेचे दोरे सुटून लोंबत होते.

"निघायचं का न्हाय?" महांतप्पानं विचारलं.

"दुपारच्याला निघू," वजीर उठत म्हणाला. "जलीलला सोलापूरला धाडलंय, नवा पट्टा घिऊन येतोय. रिकामी गाडी जाईल जळकोटाला, पण भरून येताना तोफेचा चढ चढायची न्हाय."

"चढंल. तू चालव."

"म्या चालवणार न्हाय. इंजिन जाईल."

महांतप्पानं पुढं होऊन त्याच्या कानाखाली ओढली. आवाज एवढा झाला की ओट्यावरचे हमाल वळून बघू लागले. वजीर चाळिशीला आलेला माणूस, डोक्यावर टोपी, आणि ती टोपी तेलाच्या चिखलात जाऊन पडली. त्यानं शेटकडं पाहिलं. शिवलिंगप्पा पुढ्यात तोलायचा काटा घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही. काटा हलत होता, त्याच्याकडंच तो बघत राहिला.

वजीरनं टोपी उचलली, झटकली, खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली आणि बाजूला झाला. बंडप्पा तिथंच पाण्याचा डबा हातात धरून उभा होता. वजीर त्याच्याजवळ जाऊन हळू म्हणाला, "तू जाऊ नगंस."

"न्हाय गेलो तर उद्यापासनं घरी बसावं लागंल, उस्ताद. इरम्मा पोटुशी हाय."

"मग एक ध्यानात ठिव. गाडी तापली तर रेडिएटरच्या टोपणाला हात लावायचा न्हाय, उकळतं पाणी तोंडावर उडतंय. कोण किती बी वरडू दे. गार होस्तवर बसून ऱ्हायचं."

बंडप्पानं मान हलवली. तोवर महांतप्पानं किल्ली उचलून गाडी काढली होती, चालत्या गाडीला लोंबकळून तो वर चढला.

जलील उन्हं डोक्यावर आल्यावर पोचला. पट्टा कागदात गुंडाळलेला होता. वजीरनं तो खांद्यात अडकवला आणि दारातली सायकल काढली.

सायराबी उंबऱ्यात उभी राहिली. गावात झालेली गोष्ट तिच्यापर्यंत केव्हाच आली होती. "थप्पड खाल्ली अन् आता त्याच्याच मागं पट्टा घिऊन निघालाव?"

"त्याच्या न्हाय. बंडप्पाच्या," वजीर म्हणाला आणि निघाला.

तोफेचा चढ नळदुर्गच्या पूर्वेला. किल्ल्यासाठी आणलेली तोफ तिथं अडकून पडली होती, बैल मेले तरी हलली नाही, असं जुनी माणसं सांगत. आता तिथं ट्रक अडकायचे. दोन्ही बाजूंना काळा खडक, मध्ये फूटभर फुफाटा, आणि चढाच्या पायथ्याशी एक लहानसं गाव. ते बंडप्पाचं गाव. त्याचा थोरला भाऊ बसप्पा तिथंच शेती करून होता.

वजीर माथ्यावर आला तेव्हा गाडी त्याला खाली दिसली. मधोमध उभी, बॉनेट वर, मागं करडईची पोती रचलेली. माणूस कुठं दिसेना. त्यानं सायकल उताराला सोडून दिली.

बंडप्पा गाडीच्या सावलीत पडला होता. वजीरनं आधी त्याला ओळखलाच नाही. तोंड सुजून घागरीएवढं झालं होतं, डोळे त्या सुजेत बुडून गेले होते, आणि गळ्यापासून छातीपर्यंतचं कातडं उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटून आलं होतं. सदरा मांसाला चिकटला होता. डोक्याच्या मागं खोक पडली होती आणि रक्त मातीत मुरून काळं झालं होतं. शेजारी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल पडलेलं, त्याला केस चिकटलेले. पाण्याचा डबा उपडा होता.

"बंडप्पा," वजीर गुडघ्यावर बसला. "बंडप्पा, म्या हाय. वजीर."

ओठांतून शिट्टीसारखा आवाज आला. मग शब्द. "उस्ताद, म्या न्हाय उघडणार म्हनलो. थांबा म्हनलो."

तुटक तुटक बोलून त्यानं सांगितलं ते एवढं. चढाच्या अर्ध्यात पट्टा तुटला. गाडी उकळली. महांतप्पा म्हणाला, टोपण काढ, पाणी घाल, चल. बंडप्पा म्हणाला, उस्तादांनी सांगितलंय, गार होऊ द्या. महांतप्पानं हँडल उचलून डोक्यात घातलं. बंडप्पा रेडिएटरवर कोलमडला, तेव्हा त्याची मान तशीच टोपणावर दाबून धरली आणि म्हणाला, आता काढ. बंडप्पानं टोपण फिरवलं.

"पाणी द्या," बंडप्पा शेवटी म्हणाला. "उस्ताद, पाणी."

वजीरजवळ पाण्याचा थेंब नव्हता. त्यानं टोपी काढून बंडप्पाच्या तोंडावर सावली धरली. खाली गावाकडं धावत जावं तर याला एकट्याला टाकावं लागणार, आणि वर गिधाडं नसली तरी कावळे होते. तो घुटमळतच होता तेवढ्यात चढावर पावलं वाजली. गावातून माणसं येत होती. वजीरला हायसं वाटलं. तो उठून उभा राहिला आणि हात हलवू लागला.

सगळ्यात पुढं बसप्पा होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. मागं पाच-सहा गडी, आणि त्यांच्या आडून बोट दाखवत महांतप्पा.

"ह्योच," महांतप्पा म्हणाला. "सकाळी ह्याला मारलं म्हणून ह्यानं टोपणात कायतरी करून ठिवलं. बंडप्पाचं तोंड ह्यानं जाळलंय. आता मेला का बघायला आलाय बघा."

वजीरनं तोंड उघडलं, पण बोलायला सवड मिळाली नाही. बसप्पानं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या बरगडीत घातला. वजीर खाली बसला. मग लाथा सुरू झाल्या. कुणी पाठीत, कुणी पोटात. त्याच्या तोंडात माती गेली, रक्त गेलं. कुणाची तरी वहाण त्याच्या गालावर दाबली गेली. त्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला, आणि महांतप्पानं जमिनीवरचं हँडल उचलून त्या हातावर मारलं. मनगटातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

त्या क्षणाला वजीरला दुखलं नाही. त्याला वाटलं, पुन्हा ते साल आलं. पोलीस ॲक्शनच्या साली त्याच्या चुलत्याला गावाबाहेर चिंचेला बांधलेलं त्यानं ज्वारीच्या रानात लपून पाहिलं होतं. मारणारे कोण होते तेही पाहिलं होतं, आणि नंतर त्यांच्याच बाजारात त्यांच्याच शेजारी बसून चहा पिऊन दिवस काढले होते. त्याला वाटायचं, ते संपलं. आता त्याला एवढंच कळत होतं की सायराबीचं ऐकायला हवं होतं.

"फोडा डोकं," महांतप्पा म्हणत होता. "काय बघताय, फोडा."

बसप्पानं कुऱ्हाड फिरवून पात्याची बाजू खाली केली.

तेव्हा गाडीच्या सावलीतून बंडप्पा ओरडला. इतका वेळ त्याचा आवाज शिट्टीएवढा होता, तो कुठून आला कोण जाणे. घरात ते भाऊ कानडी बोलत, तशा कानडीत ओरडला. "अण्णा, इंव अल्ल. महांतप्पा. महांतप्पा."

हा नव्हे. मग ते नाव.

बसप्पाचा हात वरच राहिला. तो वळून भावाजवळ गेला, खाली बसला, कान त्याच्या तोंडाशी नेला. बंडप्पा काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. पण बसप्पाचा चेहरा सगळ्यांना दिसला. महांतप्पालाही दिसला. त्यानं हँडल टाकलं आणि चढावर पळत सुटला. फुफाट्यात पाय रुतत होते. गड्यांनी त्याला धरून फरफटत आणला, पोती बांधायच्या सोलानं त्याचे हात मागं आवळले, आणि इंजिनाकडं तोंड करून गाडीच्या पुढच्या लोखंडी पट्टीला त्याला बांधून टाकलं.

तोवर खालून इरम्मा आली. कडेवर घागर, पोटाचा भार, आणि तशीही धावत. नवऱ्याला बघून ती मटकन बसली. रडली नाही. पदर भिजवून तिनं त्याच्या ओठांवर पाणी पिळलं, आणि सगळा वेळ हलक्या आवाजात त्याच्याशी कानडीत बोलत राहिली, लहान पोराशी बोलावं तसं.

हैदराबादकडून कांद्याचा एक ट्रक आला. बसप्पा रस्त्यात आडवा उभा राहिला. ड्रायव्हर भला होता, बंडप्पाला बघून काही न विचारता उतरला. कांद्याच्या पोत्यांवर घोंगडं टाकून बंडप्पाला वर चढवलं, इरम्मा आणि दोन गडी सोबत बसले.

"म्या बी जातो," वजीर म्हणाला. मोडका हात त्यानं छातीशी धरला होता.

"तू न्हाय," बसप्पा म्हणाला. "तुझं काम हाय इथं."

ट्रक माथ्यापलीकडं गेला. त्याचा आवाज संपेपर्यंत बसप्पा रस्त्यात उभा होता. मग तो गाडीजवळ आला. महांतप्पाच्या तोंडापासून रेडिएटरचं टोपण वीतभर अंतरावर होतं.

"वजीरभाई, चुकी झाली माझी," बसप्पा म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "आता गाडी चालू कर. तापू दे. माझ्या भावाला जेवढी तापलेली घावली तेवढी तापू दे. मग टोपण म्या काढतो."

गड्यांनी घागरीतलं उरलेलं पाणी आणि खालच्या आडातून आणलेलं आणखी पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. एकानं हँडल घुसवलं.

वजीर केबिनमध्ये चढला. कुणी त्याला ढकललं नाही. पुढं कोर्टात त्याला विचारलं गेलं की तुला धमकावलं होतं का, तेव्हा तो नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या, मनगट सुजून टरारलं होतं, आणि कानाखाली सकाळची थप्पड अजून होती. बंडप्पाचं सुटलेलं कातडं त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्यानं डाव्या हातानं किल्ली फिरवली. बाहेर गड्यानं हँडल मारलं. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला इंजिन धरलं.

नवा पट्टा त्याच्या खांद्याला तसाच लोंबत होता.

त्यानं ॲक्सिलरेटरवर पाय दिला आणि दाबला.

पंखा जागचा हलत नव्हता. गाडी जागेवर थरथरू लागली. महांतप्पानं आधी शिव्या दिल्या. शेटचं नाव घेतलं, भावांची नावं घेतली, तुमची घरं जाळीन म्हणाला. बसप्पानं उलट्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं, दोन दात पडले. मग त्याच्या नाकाशी पहिली वाफ आली आणि त्याचा सूर पालटला.

"वजीरभाई," तो म्हणाला. आजवर त्यानं 'ए ड्रायव्हर' शिवाय हाक मारली नव्हती. "वजीरभाई, बंद करा. तुमच्या पाया पडतो."

वजीरनं पाय आणखी दाबला. त्याला बरं वाटत होतं. हे तो नंतर कुणाला सांगू शकला नाही, सायराबीलाही नाही. तापलेल्या रंगाचा, तेलाचा वास येऊ लागला. नळ्यांत बुडबुडे ठोके देऊ लागले. ह्या गाडीचा असा आवाज त्यानं कधी होऊ दिला नव्हता, आणि आता तो कान देऊन ऐकत होता.

महांतप्पा मान मागं टाकून तोंड चुकवायची धडपड करत होता. बसप्पानं त्याचे केस मुठीत धरले आणि तोंड टोपणावर आणलं.

"पाणी," महांतप्पा म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. "मारायचं तर मारा, आधी घोटभर पाणी द्या."

चिंचेला बांधलेल्या चुलत्यानंही तेच मागितलं होतं. मारणारे हसले होते. त्या वेळी वजीर ज्वारीत होता आणि त्याच्याजवळ पाण्याची सुरई होती, रानात राखणीला नेलेली. ती त्यानं छातीशी घट्ट धरली होती, आवाज होऊ नये म्हणून.

वजीरचा पाय पेडलवरून उठला.

"काय झालं?" बसप्पानं विचारलं.

"खाली गळतंय वाटतं. बघतो," वजीर म्हणाला आणि उतरला. इंजिन चालूच होतं. तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला. रेडिएटरच्या बुडाशी पाणी सोडायचा पितळी कॉक असतो. दर बाजाराच्या दिवशी तो हाच कॉक फिरवायचा, पण गार गाडीचा, आणि उजव्या हातानं. आता डाव्या हाताची बोटं त्याला लागली आणि चरचरली. त्यानं दात आवळले आणि फिरवलं.

उकळतं पाणी धार धरून त्याच्या दंडावर, खांद्यावर, मानेवर आलं. तो ओरडला. पण बाजूला सरकला नाही, कॉक पुरता उघडेपर्यंत त्यानं हात काढला नाही. मग पाय घासत बाहेर आला आणि फुफाट्यात लोळू लागला.

गड्यांना आधी कळलं नाही. पाणी चढावरून खाली वाहत, वाफाळत निघालं. इंजिन कोरडंच चालत राहिलं. वजीर पडल्या पडल्या ऐकत होता. आधी ते मोकळं पळालं, मग आत ठोके पडू लागले, मग लोखंडानं लोखंड खरवडल्याचा एक लांब आवाज आला आणि गाडी जागच्या जागी हिसका देऊन बंद पडली. सगळीकडं एकदम शांत झालं. आतलं सगळं एकमेकांना धरून बसलं होतं. ती गाडी पुन्हा कधी चालू झाली नाही.

बसप्पानं टोपण काढलं. आतून नुसता गरम वारा आला.

तो वजीरकडं आला. हँडल आता त्याच्या हातात होतं. "का केलंस?"

वजीर नुसता कण्हला.

"माझ्या भावानं बी पाणी मागितलं आसंल न्हवं? त्याला कुणी दिलं?"

बसप्पानं हँडल उचललं, वजीरच्या डोक्यावर धरलं, आणि तसाच उभा राहिला. मग वळला. महांतप्पाच्या उजव्या गुडघ्यावर त्यानं ते हँडल घातलं. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. महांतप्पा शुद्ध हरपून सोलाला लटकला तरी तो मारत होता. शेवटी गड्यांनीच त्याला मागं ओढलं. तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडला, मोठ्यानं, बायामाणसांसारखं. उन्हं कलल्यावर उठला आणि नळदुर्गच्या ठाण्याकडं चालत गेला.

महांतप्पा जगला. दोन काठ्यांवर चालत आळंदला परत गेला, आणि बंडप्पाच्या डोक्यात घातलेल्या हँडलची सजा त्याला कोर्टानं दिली ती भोगून आला. बसप्पालाही सजा झाली, महांतप्पापेक्षा जास्त. वजीरनं साक्षीत जे पाहिलं ते सगळं सांगितलं, दोघांचंही. त्यामुळं त्या गावात त्याच्याशी कुणी बोलेना. शिवलिंगप्पानं गाडी भंगारात घातली आणि पुन्हा ट्रक घेतला नाही. वजीरचा हात वाकडा जुळला, स्टेअरिंग धरायला कुचकामी झाला. खांद्याचं कातडं आखडून राहिलं. सायराबी महिनाभर त्याला लहान लेकरासारखी जेवू घालत होती. सोलापूरला राहायला जाऊ म्हणून तिनं एकदा विषय काढला, मग पुन्हा काढला नाही.

बंडप्पा सोलापूरच्या दवाखान्यातून पावसाळा संपता संपता परतला. एक डोळा गेला होता. तोंडाकडं बघून पोरं पळत. तो घराबाहेर पडेना.

एक दिवस इरम्मा वजीरच्या दारात आली. काखेत तान्ही मुलगी होती. सायराबीनं तिला पाट दिला, पण ती उभीच राहिली.

"एक इचारायचं हुतं," ती वजीरला म्हणाली. "त्या दिवशी तुमी पाणी सोडून दिलं. का दिलं?"

वजीरनं खांदा चोळला. मग म्हणाला, "तो पाणी मागत हुता."

"आमचे बी मागत हुते."

"व्हय."

"तुमी सोडलं नसतं तर मेला असता त्यो."

"अन् बसप्पाला फाशी झाली असती."

"त्यासाठनं सोडलं?"

"न्हाय," वजीर म्हणाला. "त्ये नंतर सुचलं."

इरम्मानं त्याच्या आखडलेल्या खांद्याकडं पाहिलं. "मला तुमचा राग हाय," ती म्हणाली. "ऱ्हाणार बी. पण घरात त्यानी भिताडाकडं तोंड करून बसत्यात, त्ये मला बघवंना. तुमच्याकडं काम असंल तर द्या."

वजीरकडं काम असं काही नव्हतं. हात जाग्यावर नव्हता तरी डोकं होतं, म्हणून तो हमरस्त्याला एक छप्पर टाकून बसायला लागला होता. गळकी, तुंबलेली रेडिएटरं ड्रायव्हर त्याच्याकडं उतरवून द्यायचे. नळ्या साफ करायच्या, भोकाला कथलाचा डाग द्यायचा. एका हातानं ते नीट जमत नव्हतं. "उद्या लावून दे," तो म्हणाला.

बंडप्पा आला तो रस्त्याकडं पाठ करून बसला. रस्त्यावर एखादी गाडी उकळून उभी राहिली आणि फुसफुसायला लागली की तो उठून मागं बोरी नदीच्या पात्रात निघून जायचा आणि ती गेल्यावरच परतायचा. वजीर त्याला काही म्हणायचा नाही. असे बरेच दिवस गेले.

मग एकदा एका ट्रकचं रेडिएटर आलं, जाळीत शेवाळ आणि माती गच्च बसलेली. वजीर डाव्या हातानं ब्रश घासत होता, पण उजव्यानं ते धरून ठेवता येईना, घसरत होतं. बंडप्पा बघत होता. तो उठून जवळ आला आणि थोडा लांबच थांबला.

"पाणी हाय का आत, उस्ताद?"

"न्हाय. कोरडं हाय. सकाळधरनं सावलीला पडलंय."

बंडप्पानं आधी एक बोट लावलं. मग सगळा तळवा टेकवून तसाच ठेवला, गार लागतंय याची खात्री पटेपर्यंत. मग खाली बसला, दोन्ही गुडघ्यांत ते रेडिएटर घट्ट धरलं आणि वजीरच्या हातातला ब्रश घेतला.